चार बाय साडेसातचं बाथरूम: आधी बादलीची जागा ठरवा

मोबाइलवर छोट्या बाथरूमचे फोटो बघत बसलं की तासभर कसा जातो कळत नाही. पांढरेशुभ्र टॉवेल, काचेची भिंत, कोपऱ्यात मनीप्लांट. एकाही फोटोत बादली नसते. पाणी घ्यायचा मग नसतो, बसायचा पाट नसतो, भिजत घातलेल्या कपड्यांचा टब नसतो, फरशी घासायचा ब्रश नसतो, आणि पाणी जाईल म्हणून भरून ठेवलेला ड्रम तर नसतोच नसतो. आपल्याकडे हे सगळं असतं. ते कुठे राहणार हे आधी ठरवलं नाही, तर नवंकोरं बाथरूम महिन्याभरात जुन्यासारखं दिसायला लागतं.

आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेचं बाथरूम पहिल्यांदा केलं तेव्हा मी नेमकी हीच चूक केली. टाइल्स निवडल्या, बेसिन निवडलं, आरशामागचं कपाट निवडलं. काम संपल्यावर बादली ठेवायला गेले, तर ती बसली बरोबर जाळीवर. दुसरीकडे जागाच नव्हती. रोज अंघोळ करताना पाणी तुंबायचं आणि रोज कुणीतरी पायानं बादली सरकवायचं. पाच वर्षांनी खालच्या घरात ओल उतरली, सगळं फोडावं लागलं, आणि दुसरी संधी मिळाली. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं आहे. पहिल्यांदाच बाथरूम करून घेणाऱ्यांनी ते ओळीनं वाचावं, कारण कामांचा क्रम चुकला की फोडाफोडी ठरलेली.

१. मोजमाप

नकाशात आमचं बाथरूम ४ बाय ७.५ फूट आहे. म्हणजे ३० चौरस फूट, मीटरच्या हिशेबात साधारण २.८ चौरस मीटर. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर किमान क्षेत्रफळ एवढंच सांगितलंय: २.८ चौरस मीटर, रुंदी किमान १.२ मीटर. नुसत्या न्हाणीला १.८ चौरस मीटर. तेव्हा अशा बाथरूममध्ये वाया घालवायला जागा म्हणून नसतेच.

त्यात नकाशातलं माप बहुतेक वेळा विटांच्या भिंतीपासूनचं असतं. गिलावा आणि टाइल मिळून दोन्ही बाजूंनी एकेक इंच गेला की ४८ इंचांचे ४६ उरतात. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवायचा सल्ला मिळाला, तर त्यात आणखी इंचभर जाईल, फरशीही वर येईल आणि उंबरा तोकडा पडून पाणी पॅसेजमध्ये येईल. मोठ्या बाथरूममध्ये हे चालून जातं, इथे नाही.

टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा: फरशीलगत, कमरेच्या उंचीला आणि डोक्याच्या वर. जुन्या इमारतींच्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही. तिन्हींतलं सगळ्यात कमी माप तेच खरं धरायचं. मग दार कुठे उघडतं, खिडकीची खालची कड किती उंच, तुळई कुठे उतरते, जाळी कुठे आहे, हे कागदावर लिहा.

कमोडचं एक माप लोक विसरतात आणि दुकानातून चुकीचा माल घरी येतो. आउटलेट फरशीत असेल, म्हणजे एस ट्रॅप असेल, तर मागच्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. बाजारात हे कमोड साधारण ४, ९ आणि १२ इंची मिळतात. अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं, विटेपासून नाही. आउटलेट भिंतीत असेल तर तो पी ट्रॅप. मग फरशीपासूनची उंची लिहून न्या.

२. वस्तूंची शिरगणती

एक आठवडा बाथरूममधल्या प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघा. आमच्याकडे सहा शॅम्पू निघाले, त्यातले चार तळाला गेलेले. शिवाय पुड्यांची एक माळ, दोन फुटके मग, दिवाळीतलं उटणं, आणि आईचं तांब्याचं घंगाळ. घंगाळात पाणी तापवून वीसेक वर्षं झाली असतील, पण ते टाकायचं नाही हे ठरलेलं.

सगळ्याचे तीन ढीग करा. पहिला, जे रोज भिजणारच आहे: बादली, मग, पाट, साबण, घासणी, ब्रश. दुसरा, जे रोज लागतं पण कोरडं राहायला हवं: टॉवेल, अंघोळीनंतर घालायचे कपडे, दाढीचं सामान, सॅनिटरी पॅड, कंगवे. तिसरा, ज्याचं बाथरूममध्ये कामच नाही: साबणाचा महिन्याचा साठा, जुनी औषधं, न लागणाऱ्या भेटवस्तू. औषधांना दमट हवा मानवत नाही, ती खोलीतच ठेवा. साठा पॅसेजच्या कपाटात किंवा पलंगाखाली जाऊ दे. बाथरूममध्ये वापरातली एक आणि पुढची एक, एवढंच.

आता पहिले दोनच ढीग उरले. जागा शोधायची ती त्यांच्यासाठी.

३. हॉलमध्ये खडूनं बाथरूम काढा

कागदावरच्या नकाशानं माझी एकदा फसगत झाली होती, म्हणून दुसऱ्या वेळी हॉलच्या फरशीवर खडूनं ४६ बाय ८८ इंचांची चौकट काढली. दार, खिडकी, जाळी, सगळं खऱ्या मापात. रद्दीच्या पेपरातून कमोड कापला, बेसिन कापलं. बादली मात्र खरीच ठेवली. तिचं तोंड १३ इंचांचं निघालं.

आईनं गॅलरीतून पाट आणला आणि साडी सावरून त्या चौकटीत बसली. मग उचलून अंगावर पाणी घेतल्याची नक्कल केली आणि म्हणाली, "अगं, माझं कोपर कुठे जाणार?" मी अंघोळीला ३६ इंच धरले होते. पाट, त्यापुढे बादली आणि हात फिरवायला जागा मिळून ४० इंच लागत होते. ते चार इंच आम्ही बेसिनकडून घेतले.

लांबीची वाटणी शेवटी अशी झाली: दारालगत बेसिनसाठी १८ इंच, मध्ये कमोडसाठी ३०, खिडकीकडे अंघोळीसाठी ४०. दारापासून आत जाताना कोरडं ते ओलं असा क्रम राहिला, त्यामुळे हात धुवायला गेलेल्याचे पाय भिजत नाहीत. तुमचा मैल्याचा पाइप दुसऱ्या टोकाला असेल तर हा क्रम जमणार नाही. कमोड हलवायचा मोह मात्र टाळा. पाइप लांबवायचा म्हणजे उतार द्यायचा, उतार द्यायचा म्हणजे फरशी उचलायची किंवा खालच्याच्या छतात जायचं. कमोड आहे तिथेच ठेवून बाकीच्या वस्तू त्याच्याभोवती फिरवा.

कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा बेसिनपर्यंत किमान १५ इंच हवेत, म्हणून ३० इंचांचा पट्टा. समोर किमान २१ इंच, जमल्यास २४. टाकी जोडलेला वन पीस कमोड साधारण २७ इंच पुढे येतो. आडव्या ४६ इंचांतून ते गेले की गुडघ्यांपुढे १९ इंच उरतात, आणि गुडघे भिंतीला लागतात. भिंतीला लटकणारा कमोड २१ इंचांचा असतो हे खरं, पण त्याची लपवलेली टाकी भिंतीपुढे नवी भिंत बांधून बसवली तर चार ते सहा इंच तिथेच जातात आणि हिशेब पुन्हा मूळ जागी येतो. त्या अर्ध्या भिंतीच्या माथ्यावर सहा इंचांची सलग फळी मिळते, हा एक फायदा. आम्ही साधा मार्ग धरला: २२ इंचांचा कमोड आणि भिंतीवर वेगळी प्लॅस्टिकची टाकी. दिसायला जुनाट आहे, दुरुस्तीला सोपा आहे.

दार आत उघडत असेल तर त्याची कमान खडूनं काढून बघा. दोन फुटांचं दार बेसिनवर आपटतं की नाही ते लगेच कळतं. शक्य असेल तर दार बाहेर उघडा. जागा वाचते, आणि आत कुणी घसरून पडलं तर अंगानं दार अडत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर हे दुसरं कारण जास्त मोठं.

काचेच्या पार्टिशनबद्दल विचाराल तर माझं मत: बादलीनं अंघोळ करणाऱ्या घरात, ४ फूट रुंदीत, काच नको. एक तर पाट-बादली आत मावत नाहीत, दुसरं म्हणजे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग रोज कोण पुसणार? ओल्या-कोरड्याची सीमा म्हणून फरशीत अर्ध्या इंचाचा उतरता टप्पा द्या आणि शॉवर वापरत असाल तर पडदा लावा. ज्यांच्या घरी सगळेच उभ्यानं शॉवर घेतात, त्यांनी माझं ऐकायची गरज नाही.

४. उतार आणि जाळी

गवंड्यांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. बाथरूमच्या फरशीला फुटाला एक ते दोन सूत उतार लागतो. कोरड्या भागात एक, अंघोळीच्या जागी दोन. कमी दिला तर पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं, जास्त दिला तर पाट डगमगतो आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. टाइल बसवण्याआधी मिस्त्रीला ओळंबा-लेव्हल दाखवायला सांगा, आणि बसवताना चार-पाच ठिकाणी गोटी सोडून बघा. आमचे मिस्त्री हसले, म्हणाले, "ताई, पोरांचा खेळ मांडलाय का?" तिसऱ्या ठिकाणी गोटी जाळीकडे जायची सोडून कमोडकडे गेली, तेव्हा त्यांनी न बोलता दोन टाइल्स उचलल्या.

जाळीखालच्या भांड्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. ही जाळी बादलीच्या जागेपासून दूर, समोरच्या किंवा बाजूच्या कोपऱ्यात हवी. आधी बादली ठरवा म्हणते ते याचसाठी. नळ जिथे, तिथे बादली, आणि बादली जिथे, तिथे जाळी नको. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहतं, त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात की ते पाणी उडून जातं. परतल्यावर वास आला तर घाबरू नका, दोन मग पाणी ओता. आणि ट्रॅप साफ करायला हात जाईल एवढी जागा वर मोकळी ठेवा. त्यावर वॉशिंग मशीन उभं करणाऱ्यांची गंमत मी पाहिली आहे.

फरशीला खरखरीत, मॅट टाइल घ्या, १२ बाय १२ इंचांची. दोन फुटांची मोठी टाइल दिसते छान, पण छोट्या जागेत चारी बाजूंनी उतार द्यायचा तर तिचे तिरके तुकडे करावे लागतात.

५. नळ, गीझर, वीज

नळाची उंची पुस्तकातून घेऊ नका, बादलीवरून घ्या. बादलीची कडी उभी धरून उंची मोजा आणि वर तीन-चार इंच मोकळे सोडा. आमच्याकडे तोटीची उंची २२ इंच आली. शिवाय शॉर्ट बॉडी नळ घेतला तर पाण्याची धार भिंतीकडच्या कडेवर पडते, कारण १३ इंचांच्या बादलीचा मध्य भिंतीपासून साडेसहा इंचांवर असतो. लाँग बॉडी नळ मागा. फरक किरकोळ पैशांचा आहे.

गीझर १५ लिटरचा असेल तर पाण्यासकट त्याचं वजन पंचवीस किलोंच्या आसपास जातं. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीवर साधे खिळे-रावळ चालणार नाहीत, त्या ब्लॉकसाठीचे खास अँकर किंवा आरपार बोल्ट लागतात. दाराच्या वरची जागा बहुतेक घरांत रिकामी असते. तिथे आडवा गीझर बसतो आणि खालची भिंत मोकळी राहते. खरेदी करताना आडवा की उभा ते स्पष्ट सांगा, उभा गीझर आडवा करून लावता येत नाही. दुरुस्तीसाठी झाकण उघडायला फूटभर जागा सोडा. त्याचं स्विच बाहेर, पॅसेजमध्ये हवं, १६ अँपिअरचं, आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच, आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या.

गॅस गीझर असेल तर जागेच्या विचाराआधी जिवाचा विचार करा. बंद बाथरूममध्ये तो जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, चक्कर येईपर्यंत कळत नाही. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या येत असतात. गॅस गीझर उघड्या गॅलरीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. ते जमत नसेल तर विजेचा घ्या. खिडकी उघडी ठेवू, ही तडजोड करू नका, थंडीत खिडकी कोण उघडी ठेवतं?

एक्झॉस्ट पंखा सहा इंची पुरतो. तो अंघोळीच्या बाजूला, उंचावर हवा, आणि दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर आत हवा येणार कुठून? जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणाकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा हा पंखा अंघोळीनंतरही अर्धा तास चालू ठेवायचा.

६. सामान: भिंत उंचीनं वाटून घ्या

आता आला मूळ मुद्दा. ३० चौरस फुटांच्या बाथरूमला सात फूट उंचीपर्यंत धरली तरी चारी बाजूंनी मिळून दीडशे चौरस फुटांच्या आसपास भिंत असते. सामान तिथे गेलं पाहिजे आणि फरशी मोकळी राहिली पाहिजे. फरशीवर उभं असलेलं प्रत्येक काहीतरी पाणी अडवतं, आणि त्याच्या बुडाखाली काळं धरतं.

साबण आणि शॅम्पूची जागा बहुतेक प्लंबर चार फुटांवर देतात. ती उभ्या माणसाची उंची झाली. पाटावर बसलेल्या माणसाला दर वेळी उठून साबण घ्यावा लागतो, किंवा साबण फरशीवर राहतो आणि त्यावरून कुणीतरी घसरतं. आमच्या घरात आई बसून अंघोळ करते, मुलगा उभ्यानं. म्हणून दोन जागा केल्या, एक फरशीपासून दोन फुटांवर, एक चार फुटांवर. एवढ्या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त सुख दिलं.

भिंतीत कोनाडा करायचा असेल तर आधी भिंत ओळखा. सहा किंवा नऊ इंची विटांची भिंत असेल तर साडेतीन-चार इंच खोल कोनाडा निघतो. चार इंची भिंतीत निघत नाही, पलीकडे खोली दिसेल. नव्या टॉवरांमध्ये माइवान पद्धतीनं भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्यांत छिन्नी लावायची नाही, त्या इमारतीचा भार उचलतात. तिथे कोपऱ्यातल्या फळ्या. कोनाड्याचं माप टाइलच्या सांध्यांना जुळवा, म्हणजे अर्धवट तुकडे लागत नाहीत. तळाला एकसंध ग्रॅनाइटची पट्टी टाका आणि तिला पुढे एक सूत उतार द्या, नाहीतर साबण कायम चिखलात. कोनाड्याच्या आतही वॉटरप्रूफिंग करून घ्या. इथूनच पाणी भिंतीत शिरतं आणि पलीकडच्या खोलीचा रंग सुटतो.

कोपऱ्यातल्या फळ्यांसाठी माझं मत कडप्प्याला. कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा त्रिकोणी तुकडा टाइल बसवतानाच भिंतीत घुसवून घेतला की तो हलत नाही, गंजत नाही. काचेची फळी पाण्याच्या डागांनी आठवड्यात आंधळी होते. चिकटवायच्या स्टीलच्या जाळ्या गुळगुळीत टाइलवर टिकतात, खरखरीत टाइलवर नाही, आणि पडतात त्या नेमक्या रात्री दोन वाजता.

बेसिनवर आरशाचं कपाट चार-पाच इंच खोलीचं पुरे. त्याहून खोल घेतलं तर तोंड धुताना कपाळ आपटतं. कमोडच्या टाकीवर, म्हणजे साडेचार फुटांच्या वर, आठ इंच खोल बंद कपाट बसतं. दुसऱ्या ढिगातलं सगळं तिथे. सहा फुटांच्या वर फक्त महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू, आणि स्टूल लागेल असं जड काही नाही.

साफसफाईच्या बाटल्या लहान मुलं असलेल्या घरात उंचावर, कडी लावून. आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच जवळजवळ ठेवू नका आणि एकत्र तर कधीच ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्रश आणि खराटा कमोडमागे हुकावर टांगा, टोक खाली, फरशीपासून वर.

आता बादली. तिलाही टांगता येतं. अंघोळ झाली की भिंतीला चार फुटांवर जाड स्टीलचा हुक लावून ती कडीनं अडकवा. टब त्याच्या शेजारी. पाट भिंतीला उभा. रात्री फरशी पूर्ण रिकामी दिसली पाहिजे. घरच्यांना सवय लागायला महिना जातो, आमच्याकडे दोन गेले.

७. कपाटाचा माल

सुतार घरी आला की विचारेल, "ताई, एमडीएफ चालेल ना? फिनिश मस्त येतं." चालणार नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड लाकडाचा भुसा दाबून केलेले असतात, ते कडेनं पाणी पितात आणि पावभाजीच्या पावासारखे फुगतात. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेला) बोर्ड घ्या. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० मार्काचा मरीन प्लाय, सगळ्या कडा सील केलेला. बेसिनखालचं कपाट फरशीपासून आठ-दहा इंच वर लटकतं ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे. बिजागऱ्या, हुक, टॉवेलचे दांडे ३०४ ग्रेडच्या स्टीलचे. दुकानात 'एसएस' म्हणून २०२ ग्रेडही खपवतात, त्यावर पहिल्या पावसाळ्यातच तांबूस ठिपके येतात.

८. वॉशिंग मशीन आणि ड्रम

३० चौरस फुटांत वॉशिंग मशीन नको, गॅलरीत न्या. अगदी नाइलाज असेल तर बेसिनचा विचार सोडून दाराजवळच्या कोरड्या भागात फ्रंट लोड उभं करा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच असतं, म्हणजे वर फळी टाकता येते. टॉप लोडचं झाकण वर उघडतं, फळी गेली.

जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं तिथे ड्रम हवाच. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, एकदा भरल्यावर तो हलत नाही, म्हणून त्याची जागाही खडूनं आखूनच ठरवा. कमोड आणि अंघोळीच्या मध्ये, भिंतीलगत. घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायला हवा, डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तळाशी नळ असलेला ड्रम घेऊन विटांच्या ओट्यावर ठेवलात तर बादली थेट भरते.

९. टाइल लागण्यापूर्वी

फोडाफोडीआधी सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या घरी स्वतः जाऊन सांगा. जुन्या टाइल्स काढल्यावर वॉटरप्रूफिंग फरशीभर, भिंतीवर किमान फूटभर आणि अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. मग जाळी बुजवून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री म्हणतील, झालं, काही गळत नाही. तरी ४८ तास. खालच्या घरात जाऊन छत स्वतः बघा. पहिल्या खेपेला मी २४ तासांवर समाधान मानलं होतं, त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

पाइप बसले आणि टाइल अजून लागली नाही, अशा दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. भिंतीवर टेप ताणून धरा, म्हणजे फोटोत माप दिसेल: गरम पाण्याचा पाइप कोपऱ्यापासून १४ इंच, वायर दारापासून ९ इंच, असं. हे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

१०. हुक सगळ्यात शेवटी

काम संपलं की लगेच हुक, दांडे, फळ्या ठोकू नका. पंधरा दिवस तसंच वापरा. ओला टॉवेल हात आपोआप कुठे टाकतो, चष्मा कुठे ठेवला जातो, घरातलं सगळ्यात बुटकं माणूस कुठवर पोचतं ते बघा, पेन्सिलीनं खुणा करा. माणशी दोन हुक धरा, एक टॉवेलचा, एक कपड्यांचा. पोकळ पीव्हीसीच्या दारात स्क्रू टिकत नाहीत, त्यावर वरून अडकवायचे हुक लावा. भाड्याच्या घरात तर हेच बरे, शिवाय फरशी ते छत असा ताणून बसवायचा फळ्यांचा खांब मिळतो, तो घर सोडताना सोबत नेता येतो. आधाराचे दांडे मात्र चिकटवायचे किंवा व्हॅक्यूमचे नकोत, माणसाचं वजन ते पेलत नाहीत. ते कमोडजवळ आणि पाटाजवळ, फरशीपासून ३३ ते ३६ इंचांवर, भिंतीत पक्के.

टाइलला भोक पाडताना आधी चिकटपट्टी लावा, टाइलचा बिट वापरा आणि टाइल ओलांडेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. त्याआधी ते फोटो उघडून पाइप कुठून गेलाय ते बघा. आमच्याकडे आईचा हुक चार फुटांवर लागणार होता, फोटोत नेमका तिथूनच गरम पाण्याचा पाइप गेलेला दिसला. तीन इंच डावीकडे सरकवला.